कडक भाकरीतला रेडिओ

पुडा उघडल्यावर पहिल्याच मिनिटात तीन वस्तू घरंगळत मागाखालच्या खड्ड्यात गेल्या, चौथी एका चिमणीने उचलून पाहिली आणि नापसंत करून टाकून दिली, आणि पाचवीवर दानम्माचा धाकटा भाऊ सोमलिंग बसला.

“कुणी हलायचं नाही,” दानम्मा म्हणाली.

“मी हललो तर ती मोडेल,” सोमलिंग म्हणाला. “नाही हललो तर मी.”

त्याच्याखालून तीन बारीक पायांची, वाटाण्याएवढी वस्तू निघाली. तिचं नाव ट्रान्झिस्टर. अशा सहा होत्या. शिवाय अंगावर रंगीत पट्टे असलेल्या बारा बारीक नळकांड्या, म्हणजे रेझिस्टन्स. अकरा कंडेन्सर, त्यांतले काही बत्ताशासारखे चपटे तर काही पेन्सिलीच्या तुकड्यासारखे. आणि एक डायोड, जो इतका लहान होता की सोमलिंगने त्याला दोनदा मुंगी समजून फुंकर मारली. एकूण तीस. स्पीकर, तारेचं वेटोळं आणि प्लॅस्टिकचा डबा वेगळा. थोडक्यात, त्या पुड्यात एक अख्खा रेडिओ होता. फक्त त्याला अजून ते माहीत नव्हतं.

साल १९७४. मे महिना. सोलापुरात दुपारी रस्त्यावर फक्त ऊन हिंडत होतं. दानम्मा नुकतीच सातवी पास झाली होती आणि तिला आठवीला टेक्निकल विषय हवा होता. शाळेत हा विषय होता, पण आजवर कुठल्या मुलीने तो मागितला नव्हता. मुलींना देऊ नये असा नियम नव्हता, द्यावा असाही नव्हता. मुख्याध्यापकांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं आणि प्रश्न टेक्निकलच्या पंचाक्षरी सरांकडे ढकलला. सरांनी तो ढकलायला पुढे कुणी नसल्यामुळे स्वतःच सोडवला. आपल्याजवळचा रेडिओचा एक पुडा दानम्माच्या हातात ठेवून ते म्हणाले की मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुझ्या घरी येतो. रेडिओ बोलला तर फॉर्मवर माझी सही. बुधवारी याद्या बंद होतात.

रेडिओ बोलला नाही तर गृहशास्त्र. गृहशास्त्रात पहिल्या वर्षी भाकरी शिकवत. दानम्मा वयाच्या सातव्या वर्षापासून भाकरी थापत होती.

सरांची अट आणखी एक होती. आधी निवडायचं, मग जोडायचं. प्रत्येक वस्तू ओळखून, वेगळी लावून, नाव लिहून झाल्याशिवाय डाग देऊन जोडायच्या तापलेल्या सळईला हात लावायचा नाही. आदल्या वर्षी एका मुलाने न निवडता सगळ्याला डाग दिले होते. त्याच्या रेडिओतून आवाज आला नाही, पण धूर मात्र अगदी स्पष्ट आला.

निवडायला शेजारची विजयमाला आली. ती दानम्माच्याच वर्गात होती आणि तिच्याजवळ एक वही होती. जे वहीत नाही ते जगात नाही, असं तिचं मत होतं. तिने तीस वस्तूंची यादी केली, खड्ड्यातल्या तीन सोमलिंगकडून काढून घेतल्या आणि विचारलं, “आता ठेवायच्या कशात?”

प्रश्न अवघड होता. दानम्माचे अप्पा, म्हणजे वडील चन्नप्पा, घरीच चादरी विणत. घरातला प्रत्येक डबा सुताच्या कांड्यांनी भरलेला. उघड्यावर ठेवावं तर मागावरून उडणारा कापूस सगळ्यावर बसे. अर्ध्या तासात ट्रान्झिस्टरला दाढी फुटे. कागदाच्या पुड्या केल्या तर त्या वाऱ्याने आपापल्या जागा बदलत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला आणि सोमलिंगला त्याच्या दहा वर्षांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना सुचली.

दानम्माची अव्वा, म्हणजे आई गुरम्मा, ज्वारीच्या कडक भाकरी करून देई. पातळ, थाळीएवढ्या, पापडासारख्या खडखडीत. महिनाभर टिकत. परगावी नोकरीला असलेली माणसं आठवड्याच्या आठवड्याला गठ्ठे नेत. सोमलिंगचं म्हणणं असं, की भाकरी तव्यावरून उतरल्यावर थोडा वेळ मऊ असते. तेव्हाच एकेका वस्तूचे पाय तिच्यात टोचायचे. नंतर भाकरी वाळली की वस्तू सिमेंटात बसवल्यासारखी घट्ट. शिवाय भाकरीवर पेन्सिलीने नावही लिहिता येतं.

“आणि भूक लागली तर?” विजयमालाने विचारलं.

“काठाकाठानं खायचं बे. मधे कशाला जायचं?”

दानम्माने विचार केला. यात चूक सापडेना, हीच तिला भीती वाटली. पण दुसरा उपाय नव्हता. शनिवारी दुपारी तीन भाकरी झाल्या: एकीवर बारा रेझिस्टन्स, दुसरीवर अकरा कंडेन्सर, तिसरीवर सहा ट्रान्झिस्टर आणि डायोड. प्रत्येकाशेजारी नाव. प्रत्येकीवर झाकण म्हणून एकेक साधी भाकरी. सगळा गठ्ठा अप्पांच्या मागावरच्या चादरीच्या तुकड्यात बांधून दाराजवळच्या फळीवर ठेवला. कापूस तिथे पोचत नसे. रविवारी जोडकाम सुरू करायचं होतं.

रविवारी अकरा वाजता गठ्ठा सोडला तर आत भाकरी होत्या. नुसत्या भाकरी. बारा.

सोमलिंगने एक भाकरी उजेडाकडे धरून आरपार बघितलं. “विरघळले असतील का गं?”

विजयमालाने वहीत ‘चोरी’ असं लिहिलं आणि खाली संशयितांसाठी जागा सोडली. पण दानम्मा भाकरी मोजत होती. चोर नेतो, बदल्यात बारा भाकरी ठेवत नाही. म्हणजे हा दुसऱ्या कुणाचा गठ्ठा होता, आणि त्या दुसऱ्या कुणीतरी त्यांचा नेला होता.

गुरम्माची पद्धत अशी होती, की गिऱ्हाईक आपलं फडकं आणून देई, ती त्यात भाकरी बांधून फळीवर ठेवी आणि ज्याने त्याने येऊन आपापला गठ्ठा उचलावा. फडकं बघून. हे फडकंही अप्पांच्या चादरीचंच होतं, तेच डिझाइन, तोच रंग. अप्पा असे उरलेले तुकडे गिऱ्हाइकांनाही देत. दानम्माने तोच तुकडा वापरताना हा विचार केला नव्हता. आता केला, आणि ती अव्वाकडे धावली.

सकाळी गठ्ठे न्यायला तीन जण आले होते. एक कोर्टातले कारकून, एक एसटीचे कंडक्टर आणि एक अण्णाराव, श्रीपूरच्या साखर कारखान्यातले फिटर, जे शनिवारी घरी येत आणि रविवारी सकाळच्या गाडीने परत जात. अव्वाला कुणी कोणतं फडकं दिलं ते आठवत नव्हतं. ती म्हणाली की एवढं कशाला मनाला लावून घेतेस, उद्या दुसऱ्या करून देते.

“अव्वा, त्या भाकरीत माझं टेक्निकल आहे,” दानम्मा म्हणाली.

अव्वाने हातातलं पीठ झटकून फडकं हातात घेतलं आणि नाकाला लावलं. नंतर दानम्माने लावलं, मग विजयमालाने. कोर्टाला असा वास येत नाही आणि एसटीला तर याहून वेगळा येतो. हा मळीचा होता, उसाच्या काळ्या मळीचा, गोड आणि आंबूस. साखर कारखान्यात काम करणाऱ्याच्या कपड्यांतून तो सात धुण्यांत जात नाही.

विजयमालाने संशयितांच्या रकान्यात एकच नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

अव्वाचा भाऊ ईश्वरप्पा ट्रक चालवी. सोमवारी सकाळी सहाला त्याला चादरींचे गठ्ठे घेऊन टेंभुर्णीला जायचं होतं, दुपारी चारला परत निघायचं होतं. अप्पांनी माग न थांबवता तिघांना परवानगी दिली. मामाबरोबर जायचं, मामाबरोबर यायचं, एवढीच अट.

नऊ वाजता टेंभुर्णी आली. तिथून श्रीपूर बरंच पुढे, आणि मामाचा ट्रक पुढे जाणार नव्हता. तो गठ्ठे उतरवण्यात बुडालेला असताना दानम्माने त्याला जाऊन सांगितलं, “मामा, आम्ही भाकरी घेऊन येतो.”

समोरच वीस पावलांवर खानावळ होती. मामाने मान हलवली. खोटं कुणी बोललं नव्हतं. किती लांबून आणतो ते त्याने विचारलं नाही, इतकंच.

उसाच्या रिकाम्या ट्रॉलीचा एक ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेने निघाला होता. ड्रायव्हरने विचारलं, “कुटं निगालात?” श्रीपूर म्हटल्यावर त्याने तिघांना ट्रॉलीत चढवून घेतलं आणि पहिल्याच वळणावर बातमी सांगितली. कारखान्यात भाकरीत यंत्र सापडलं होतं. फोरमन जेवायला बसला आणि भाकरीने त्याला चावा घेतला. आता साहेब लोक तपास करत होते. कुणी म्हणत होतं की परदेशी काम हाय. कुणी म्हणत होतं भाकरी मधूनच घुमते.

“घुमत नाही अजून,” सोमलिंग म्हणाला. “उद्या पाचला घुमेल.”

ड्रायव्हरने पुढचा सगळा रस्ता मागे वळून बघितलं नाही.

कारखान्याच्या फाटकावर कोंडीबा नावाचा पहारेकरी होता. त्याने काठी आडवी धरून सांगितलं की सायबाच्या चिठ्ठीबिगर आत सोडत न्हाय. विजयमालाने वही काढून कारण लिहायला सुरुवात केली. दानम्माने विचार केला, की चिठ्ठी मागणाऱ्या माणसाला पटेल असं बोलायला हवं, आणि खरंही बोलायला हवं.

“ती भाकरी आमच्या घरची आहे,” ती म्हणाली.

कोंडीबाची काठी आपोआप उभी झाली. काल दुपारपासून अख्खा कारखाना या भाकरीचा मालक शोधत होता. तो स्वतः पुढे होऊन त्यांना प्रयोगशाळेपर्यंत घेऊन गेला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ‘सापडले’ म्हणून सांगत गेला, त्यामुळे दारापाशी पोचेपर्यंत मागे पंधरावीस माणसं झाली होती.

आत तीन माणसं होती. पांढऱ्या कोटातले केमिस्ट साहेब. गालावर हात धरून बसलेले फोरमन रावजी. आणि कोपऱ्यात त्यांना भाकरी देणारे अण्णाराव, जे काल दुपारपासून एकच वाक्य सांगत होते, की मी फक्त गठ्ठा उचलला.

टेबलावर एनॅमलची थाळी होती. तिच्यात रेडिओ होता. म्हणजे त्याचे अवयव होते. दानम्मा वाकून बघू लागली.

केमिस्ट साहेब अतिशय व्यवस्थित मनुष्य होते. त्यांनी तिन्ही भाकरी पाण्यात भिजवून विरघळवल्या होत्या. पेन्सिलीची सगळी नावं त्या पाण्याबरोबर मोरीत गेली होती. मग त्यांनी प्रत्येक वस्तू पुसून कोरडी केली आणि सगळ्या लांबीप्रमाणे लावल्या. डावीकडे सगळ्यात छोटी, उजवीकडे सगळ्यात मोठी. ट्रान्झिस्टरशेजारी कंडेन्सर, कंडेन्सरशेजारी रेझिस्टन्स. इतकं नीटनेटकं चुकीचं काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. सर, टेक्निकल, मंगळवार, पाच वाजता. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट नव्हते, फक्त त्यांना अहवाल लिहायचा होता, तीन प्रतींत. चेअरमन साहेब गुरुवारी पुण्याहून परत येणार, तोवर हा पुरावा हलवता येत नव्हता. आणि हे सामान तुमचंच, याला पुरावा काय?

“यादी आहे,” विजयमालाने वही पुढे केली. “तीस वस्तू.”

साहेबांनी थाळीतल्या वस्तू चिमट्याने मोजल्या. एकतीस भरल्या.

मागच्या माणसांत कुजबुज झाली. एक कमी असती तर समजण्यासारखं होतं. एक जास्त म्हणजे काय? सोमलिंग हळूच म्हणाला की भाकरीत राहून व्याली असेल. कुणी हसलं नाही. दारातल्या एकदोघांनी ते खरं धरलं आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत माळशिरसला पोचली.

“यादी बरोबर नाही,” साहेब म्हणाले.

“यादी बरोबर आहे,” दानम्मा म्हणाली. “साहेब, तुम्ही या सगळ्या मिसळा. कशाही. मी एकेक उचलून सांगते काय आहे ते. विजयमालाची वही तुमच्याजवळ ठेवा. एक जरी चुकले तरी आम्ही जातो.”

सोमलिंगने तिचा परकर ओढला. असली पैज लावायची असते का? पण साहेबांना हा प्रस्ताव आवडला. त्यात पडताळणी होती. त्यांनी थाळी हलवली, तांदूळ पाखडावे तशी, आणि समोर ठेवली.

ट्रान्झिस्टर सोपे होते, तीन पाय. कंडेन्सरवर बारीक आकडे होते. डायोडला सोमलिंगने पुन्हा मुंगी म्हटलं. मग उरले रेझिस्टन्स. त्यांच्यावर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात, आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. तपकिरी म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, तांबडा म्हणजे दोन, नारिंगी म्हणजे तीन. शेवटच्या पट्ट्याचा आकडा सांगतो, पुढे किती शून्यं.

ती सात बोलली. सातही बरोबर. मग तिने दोन उचलले आणि थांबली. दोन्हींवर तपकिरी, मग काळा, मग... तांबडा? दोन्ही अगदी सारखे दिसत होते. यादीत मात्र एक हजाराचा होता आणि एक दहा हजाराचा.

“दोन्ही सारखे आहेत,” साहेब म्हणाले. “मी भिंगातून बघितले काल.”

दानम्माने वर पाहिलं. खिडक्यांना उन्हासाठी पडदे लावलेले होते आणि डोक्यावर पिवळा बल्ब होता.

तिच्या घरी एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे. सुताचा रंग दिव्याखाली कधी जुळवायचा नाही. दिव्याखाली तांबडं आणि नारिंगी भावंडं होतात, उन्हात ती अनोळखी असतात. अप्पांनी एकदा दिव्याखाली कांड्या निवडल्या होत्या, घाई होती म्हणून, आणि सकाळी मागावर दोन रंगांचा मोर निघाला होता. ती चादर अजून घरात होती. पाहुण्यांना देत नसत.

“साहेब, मी बाहेर उन्हात नेऊ? तुम्ही पण चला.”

साहेब गेले. त्यांच्यामागे रावजी गेले, गालावरचा हात न काढता. पंधरावीस माणसं गेली. अकराच्या उन्हात दानम्माने दोन्ही तळहात पुढे केले. डाव्या हातातल्याचा शेवटचा पट्टा मिरचीसारखा लाल होता. उजव्या हातातल्याचा संत्र्याच्या सालीसारखा.

“हा हजाराचा,” ती म्हणाली. “हा दहा हजाराचा. दिव्याखाली तुम्ही यांना एकच म्हणालात.”

केमिस्ट साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांना प्रयोगशाळेतली गेल्या सहा वर्षांतली काही कामं आठवली असावीत, कारण ते आत जाऊन पहिल्यांदा सगळे पडदे उघडून आले.

सगळे पुन्हा आत आल्यावर पुढचे दोन तिने भराभर सांगितले. अकरा झाले. हातात राहिले दोन तुकडे, एकतिसातला जास्तीचा धरून. एकावर दोन तांबडे पट्टे, दुसऱ्यावर एक तांबडा. प्रत्येकाला एकच पाय. तिने ते एकमेकांना लावले. चपखल बसले.

“हा एकच आहे. मोडलेला. तीन तांबडे, बावीसशेचा.” तिने रावजींकडे पाहिलं. “तुम्ही चावला होता का हा?”

सगळ्यांनी रावजींकडे पाहिलं. रावजी म्हणाले की हो, घास घेताना दाताला काहीतरी लागलं म्हणून बाहेर काढून बघितलं होतं.

“बघितलं आणि?” साहेबांनी विचारलं.

“तांबडं दिसलं. शेंगाचटणीतली मिरची वाटली.” रावजी जमिनीकडे बघत होते. “मग टाकली की परत तोंडात.”

काल दुपारपासून जे घडलं होतं ते सगळं, तपास, तीन प्रती, भाकरीतलं यंत्र, एका मिरचीपाशी येऊन थांबलं. अण्णाराव कोपऱ्यातून पुढे आले. ते म्हणाले की रावजी, मी नुसता गठ्ठा चुकलो, तुमी तर चुकून पुन्हा चावलात. त्यांचा चेहरा कालपासून पहिल्यांदा उजळला होता.

साहेबांनी थाळी दानम्मापुढे सरकवली. अहवाल एका ओळीचा होईल, म्हणाले, आणि चेअरमन साहेबांना तो आवडेल. पण दानम्माने थाळी उचलली नाही. तीन तांबड्यांचा तो मोडका तुकडा तिच्या हातात होता. एकोणतीस वस्तूंचा रेडिओ बोलत नाही. सोलापुरात दुकानं होती, पण ती सोमवारी बंद असत, आणि मंगळवारी उघडेपर्यंत थांबून तिथे तो मिळाला नाही तर पुढे काहीच करता आलं नसतं.

“इथे एखादं बिघडलेलं यंत्र आहे का हो?” तिने विचारलं.

होतं. उसाच्या रसाचा आंबटपणा मोजणारं एक उपकरण दोन वर्षं कपाटावर पडून होतं. साहेबांनी स्वतः खाली काढलं, स्वतः उघडलं. आत रेझिस्टन्स बरेच होते. तीन तांबड्यांचा एकही नव्हता. दानम्माने सगळे पुन्हा उन्हात नेले, एकेक उलटून पाहिला आणि दोन बाजूला काढले.

“हा हजाराचा. हा बाराशेचा. एकापुढे एक जोडले की बेरीज होते.”

साहेबांनी कागद घेतला. एक हजार मांडले, खाली बाराशे मांडले, बेरीज केली, उत्तर पुन्हा तपासलं आणि मग मान डोलावली. रावजींनी गालावरचा हात काढला आणि म्हणाले, “पोरीचं डोकं लई चालतंय की.” मग तो हात लगेच परत गालावर ठेवला.

सामान यावेळी कापसाच्या पेटीत, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात, वर साहेबांच्या सुवाच्य अक्षरात नाव लिहून बांधलं गेलं. अण्णारावांनी तिघांना टेंभुर्णीपर्यंत एसटीने स्वतः पोचवलं. पेटी त्यांनी मागितली नाही आणि दानम्मानेही दिली नाही.

ईश्वरप्पामामा ट्रकच्या सावलीत झोपला होता. चारला उठला, तिघांना समोर बघितलं आणि विचारलं, “आणली भाकरी?”

“आणली,” सोमलिंग म्हणाला.

“ताजी होती का?”

“कालची होती. पण चालेल.”

मंगळवारी सकाळी दानम्माने सळई तापवली. विजयमाला यादी वाचे, सोमलिंग वस्तू चिमट्याने पुढे करी, दानम्मा डाग देई आणि विजयमाला खूण करी. बावीसशेच्या जागी हजार आणि बाराशे एकापुढे एक बसले. दुपारी अव्वा येऊन दानम्माच्या कपाळावरचा घाम पदराने पुसून गेली. दुसरीकडे कुठे बोलावलंही नाही आणि स्वयंपाकाला लावलंही नाही. चार वाजता शेवटचा डाग पडला. पाचला पाच मिनिटं कमी असताना पंचाक्षरी सर आले, कारण ते पाचला पाच मिनिटं कमी असतानाच कुठेही जात.

दानम्माने बटण फिरवलं.

रेडिओ काही बोलला नाही. थोडी खरखर आली. तिने काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. खरखर. सरांनी हात पाठीमागे बांधले होते. ते काही सांगणार नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. अप्पांनी माग थांबवला. कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाचला, त्यांनी माग थांबवला, आणि घरात इतकी शांतता पडली की ती खरखर आणखी मोठी वाटू लागली.

“वरून एक मारू का?” सोमलिंगने विचारलं.

“हात लावू नकोस.”

दानम्माने डोळे मिटले आणि एकेक वस्तू मनात उचलली. बाराच्या जागी आता तेरा, मग अकरा, सात. सगळ्या आपापल्या जागी. निवडण्यात चूक नव्हती. म्हणजे रेडिओ बरोबर होता. मग तो ऐकत नव्हता तो कुठल्या बाजूला? आत एक काळी कांडी होती, तिच्यावर तारेचं वेटोळं. स्टेशन पकडते ती हीच. कांडीचं टोक आत्ता थेट पुण्याकडे, म्हणजे स्टेशनकडे होतं. ती टोकाने ऐकत नसेल. कुशीने ऐकत असेल.

तिने रेडिओ उचलला, आडवा वळवला आणि काटा पुन्हा हळूहळू फिरवला.

“...कांद्याच्या पातीवर करपा दिसू लागताच,” एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “शेतकरी बंधूंनी दुर्लक्ष करू नये.”

कांद्याच्या रोगाबद्दल इतकं मन लावून त्या गल्लीत कधी कुणी ऐकलं नव्हतं. करप्यानंतर फुलकिडे झाले. अव्वाने आवाज मोठा करायला सांगितला. दारात शेजारचे जमले, आणि विजयमालाने फवारणीचं प्रमाणसुद्धा वहीत उतरवून घेतलं.

सर खाली बसले. त्यांनी मागचं झाकण काढून आत पाहिलं, बराच वेळ.

“दोन डाग जाड दिलेस,” ते म्हणाले. “आणि हे दोन रेझिस्टन्स माझ्या पुड्यातले नाहीत.”

दानम्माने सांगितलं. सरांनी मधे एकदाच थांबवलं, मिरचीपाशी, आणि ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी अप्पांकडे वळून सांगितलं की तीस वर्षं शिकवतोय, पण कमी पडलेली वस्तू बेरजेने भरून काढणारं पोर आजवर कुणी माझ्याकडे पाठवलं नव्हतं. अप्पांनी सरांना बसायला नवी चादर आणून घातली, विक्रीची, घडी न मोडलेली.

सरांनी खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. मग तो दानम्माकडे दिला, नाव भरायला.

फॉर्म छापील होता. पहिल्याच ओळीत ‘कुमार’ असं छापलेलं होतं आणि पुढे टिंबं. छापणाऱ्याला दुसरं काही लागेल असं वाटलं नव्हतं. दानम्माने सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं.

तिने आधी पेन एका बाजूला झटकून शाई येते का ते बघितलं. मग छापलेल्या शब्दावर एक रेघ मारली, सरळ, अप्पा सुताचा धागा ताणतात तशी, आणि त्याच्या वर, जागा कमी होती तरी, नीट अक्षरात ‘कुमारी’ लिहून पुढच्या टिंबांवर आपलं नाव लिहिलं.